शाळेतील पंक्तिप्रपंच

गेल्या महिन्यात धाराशिवाहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले. पत्र चार पानांचे असून अक्षर जुन्या वळणाचे व मोत्यासारखे आहे. आरंभीचे सा. न. वि. वि. आटोपल्यावर त्यांनी आपल्या घरची हकीकत लिहिली आहे. घर एकत्र. स्वतः गृहस्थ, त्यांच्या पत्नी, एक वडील भगिनी, दोन चिरंजीव, दोन सुना व चार नातवंडे अशी अकरा पाने रात्री मांडली जातात. पैकी धाकट्या सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. तुळजापूरच्या वाटेवरील एका लहान गावी त्यांची शाळा आहे व तेथे त्या रोज जातात येतात. त्यांचा मुलगा आता सहाव्या वर्षात आहे. येत्या जूनमध्ये त्यास शहरातील एका इंग्रजी शाळेत घालावयाचे, असे घरात सर्वानुमते ठरले. फी ठरली, गाडीवाला ठरला, गणवेशाचे मापही देऊन झाले. असे असता एके रात्री भाताचा पहिला घास घेता घेता त्या पोराने विचारले, "आई, मी तुझ्या शाळेत का नाही यायचं? ती शाळा चांगली नाही का?"

गृहस्थ लिहितात, "पानावर आम्ही दहा मोठी-लहान माणसे होतो, पण उत्तर कोणास सुचले नाही. सूनबाई वाढणे सोडून आत गेल्या. आपण या विषयावर पुष्कळ वेळा लिहिले आहे, तरी आपले मत कळवावे."

मत मागणे सोपे व देणे अवघड, असा हा प्रसंग आहे. आणि वाचकांपासून लपवून काय उपयोग? आमचे वडील नगरपालिकेच्या शाळेत शिकले, आम्हीही तेथेच पाटी घेऊन बसलो. परंतु आमची मुले त्या शाळेची पायरी चढली नाहीत. त्या वेळी आम्हांस कोणी हा प्रश्न केला नाही, म्हणून उत्तराची वेळ आली नाही, एवढेच. तेव्हा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र ज्या एका पुरुषाने हाच प्रश्न आपल्या आयुष्याचे काम म्हणून पत्करला, त्याचे चरित्र या निमित्ताने आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. ते म्हणजे कै. जयंत पांडुरंग नाईक. शिक्षणक्षेत्रात त्यांस सर्व जण 'जे. पी.' म्हणत. महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके घरोघर असावयास हवे तितके नाही, ही आम्हा मराठी माणसांची उणीव होय.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडल्यावर 'जयंत पांडुरंग नाईक' हे नाव त्यांनी घेतले आणि तेच जन्मभर चालविले. ते दहा वर्षांचे असताना, म्हणजे १९१७ साली, शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. इकडे ब्रिटिश मुलखात नामदार गोखल्यांनी १९११ साली अशाच हेतूने मांडलेले विधेयक पुढील वर्षी नामंजूर झाले होते. जी गोष्ट कलकत्त्याच्या कौन्सिलात झाली नाही ती एका संस्थानात झाली, आणि त्याच संस्थानातील एका खेड्याच्या मुलाने पुढे साऱ्या देशाच्या शाळांची चिंता वाहिली. योगायोगास फार अर्थ चिकटवू नये हे आम्ही जाणतो. तथापि हा योगायोग टिपून ठेवण्याजोगा आहे.

कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ साली तुरुंगवास भोगून आल्यावर नाईकांनी शहरातील नोकरी शोधली नाही. धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी जाऊन ते राहिले आणि तेथील शाळा व ग्रामसुधारणा यांत त्यांनी स्वतःस गाडून घेतले. खेड्यातील पोर शाळेत का येत नाही, आले तरी का टिकत नाही, हे त्यांनी अहवालांत वाचण्यापूर्वी तेथे डोळ्यांनी पाहिले होते. पुढे सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत त्यांनी ब्रिटिश अमदानीतील हिंदी शिक्षणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथावर शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या पोसल्या आहेत. १९४८ साली मुंबईत त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापिली. शिक्षणाचे संशोधन ही पदवीपुरती करावयाची गोष्ट नसून राज्य कसे चालवावे याचा तो पाया आहे, ही दृष्टी तिच्यामागे होती. हीच संस्था १९७६ साली पुण्यास आली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

दिल्लीस केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून ते गेले तेव्हा त्यांनी वेतन घेतले ते दरमहा एक रुपया. कोल्हापुरात पालकास दंड एक रुपया आणि दिल्लीत पंडितास पगार एक रुपया! आमच्या एका स्नेह्यांस ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही रुपये एकाच कामी आले." ते खरेच आहे.

१४ जुलै १९६४ रोजी केंद्र सरकारने डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. आयोगात सतरा सभासद होते व त्यांत परदेशीय विद्वानही होते; परंतु सचिवाच्या लेखणीवर किती भार पडतो हे ज्यांनी एखादी लहानशी समिती चालविली असेल त्यांस सांगावयास नको. २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. त्यातील दहा अधिक दोन अधिक तीन हा आराखडा आज सर्वांच्या परिचयाचा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा व हे १९८५-८६ पर्यंत साधावे, ही सूचनाही वारंवार सांगितली जाते, आणि ती आजवर पुरी झाली नाही हेही तितक्याच वारंवार सांगितले जाते. परंतु त्याच अहवालात आणखी एक सूचना होती. तिच्याविषयी आमच्यासारख्या घरांतून फारसे बोलणे निघत नाही, आणि धाराशिवच्या पोराचा प्रश्न नेमका तिच्यावरच येऊन ठेपतो.

ती सूचना समान शाळेची. प्रत्येक वस्तीची सार्वजनिक शाळा अशी चांगली करावी की सामान्य पालकास पैसे मोजून दुसरीकडे जाण्याची गरजच वाटू नये. आणि त्या वस्तीतील सर्व मुले, जात, धर्म, पैसा, प्रतिष्ठा यांपैकी काहीही आड न आणता, त्याच शाळेत जावीत. वीस वर्षांत हे घडवून आणावे असे आयोगाने म्हटले होते. यामागे केवळ बंधुभावाची भाबडी कल्पना नव्हती. एक रोकडा हिशेब होता. ज्यांच्या शब्दास वजन आहे, ज्यांच्या पत्रास कचेरीतून उत्तर येते, त्यांची मुले ज्या शाळेत असतील त्या शाळेचे छप्पर गळत राहणार नाही. त्यांनी आपली मुले काढून नेली की छपराकडे पाहणारा कोणी उरत नाही. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात ही सूचना शब्दशः मान्य झाली व व्यवहारात ती तेथेच राहिली.

१९७५ साली नाईकांनी एक लहानसे इंग्रजी पुस्तक लिहिले. समता, गुणवत्ता आणि संख्या हा हिंदुस्थानच्या शिक्षणातील हाती न लागणारा त्रिकोण आहे, असा त्याचा विषय. आमच्या वाचकांस हा त्रिकोण समजावून सांगावयाचा तर आम्ही पंगतीचाच दाखला देऊ. किती पाने मांडली ही संख्या. पानात काय वाढले ही गुणवत्ता. आणि यजमानाच्या पानावर जे पडले तेच शेवटच्या पानावर पडले की नाही, ही समता. यजमान थोडा असला म्हणजे काय होते हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. पाने वाढली की आमटीत पाणी वाढते. चांगले वाढावयाचे ठरले की पाने कमी मांडावी लागतात. आणि दोन्ही साधावयाचे म्हटले की तूप वरच्या चार पानांवर सढळ व पुढे नुसती धार दाखविणे सुरू होते. यास आपल्या घरांत पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणाऱ्या गृहिणीस आपण नावे ठेवतो. नाईकांचे म्हणणे असे की स्वातंत्र्यानंतर आपण पाने पुष्कळ मांडली, तूपही काही पानांवर चांगले पडले, परंतु तिन्ही बाजू एकदम सांभाळणे साधले नाही, आणि त्यात सर्वांत अधिक झळ लागली ती समतेस.

येथे आमच्या समाजाविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. १८८२ साली हंटर कमिशनापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेकडून येतो व त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गाचे होते. सबब प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असा त्याचा आशय होता. ते निवेदन आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस झोंबले असेल. परंतु त्यातील हिशेब चुकीचा होता असे आजवर कोणास दाखविता आलेले नाही. त्या काळी सरकारी शाळेच्या पंगतीत आम्ही वरच्या पानांवर होतो. आज त्या पंगतीतून आम्ही उठून गेलो आहोत आणि दुसऱ्या दिवाणखान्यात निराळी पंगत मांडली आहे. पहिल्यात प्रपंच होता. दुसऱ्यात तर शेजारचे पानच दिसत नाही.

आता धाराशिवकडे वळू. पत्रलेखक गृहस्थांनी आपल्या वडिलांविषयी एक वाक्य लिहिले आहे: "वडिलांचे शिक्षण बार्शीस झाले." ज्यांस तो मुलूख ठाऊक आहे त्यांस या एका वाक्यात सारा इतिहास दिसेल. धाराशिव निजामाच्या राज्यात व बार्शी ब्रिटिश हद्दीत, सोलापूर जिल्ह्यात. मध्ये अंतर थोडे. निजामी मुलखात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली हैदराबादेस निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. शेतकऱ्याचे मराठी बोलणारे पोर त्या शाळेत बसले तरी मास्तर काय म्हणतात हे त्यास उमगावयाचे नाही. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुले बार्शीस, सोलापुरास, पुण्यास धाडली. बाकीची गुरांमागे राहिली. यात त्या वडिलांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे केले ते आपणही केले असते.

परंतु त्याच मुलखात निराळा मार्ग धरणारेही निघाले. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. निजामाच्या राज्यात, एका आडगावी, मराठीतून शिकविणारी ही शाळा. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण गृहस्थ तिचे मुख्याध्यापक झाले. १९३० साली त्यांनी संन्यास घेतला व स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून स्वामीजींस सर्व जण ओळखतात. परंतु त्यापूर्वी ते हिप्परग्यात खडू हाती घेऊन वर्गात उभे होते, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. बार्शीची वाट मोकळी होती. हिप्परग्याच्या मंडळींनी ती घेतली नाही. आमच्या घरांतील मुले ज्या इंग्रजी शाळांकडे गाडीत बसून निघतात, त्या शाळा म्हणजे आपली नवी बार्शीच नव्हेत काय, असा विचार पत्र वाचताना आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ साली हा मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पाने मांडण्याचे काम झपाट्याने झाले. तरीसुद्धा १९९४ साली प्राथमिक शिक्षणासाठी जागतिक बँकेच्या मदतीने जिल्हावार कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील पहिले पाच जिल्हे निवडले गेले ते औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर व उस्मानाबाद, म्हणजे सर्वच्या सर्व मराठवाड्यातील. जेथे स्त्रियांतील साक्षरता देशाच्या सरासरीहून खाली, तेथे आधी जावयाचे, असा त्या निवडीचा मुख्य निकष होता. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, भूकंपाने किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे भुईसपाट केली होती. २०१८ साली केंद्र सरकारने मागास म्हणून खास लक्ष देण्यासाठी जे 'आकांक्षित' जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चारच होते, व त्यांत हा जिल्हा पुन्हा होता. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शाळेच्या पाटीवरील अक्षरे बदलली. पाटीखालच्या ओसरीवर कोण बसते हा प्रश्न तसाच आहे.

त्या ओसरीवर कोण बसते, हे सूनबाईंनी पत्राच्या शेवटल्या पानावर स्वतः लिहिले आहे. शाळा द्विशिक्षकी. इयत्ता पहिली ते चौथी. वर्ग चार, शिक्षक दोन, त्यांतील एकास वारंवार कचेरीची, निवडणुकीची वा कसल्यातरी मोजणीची कामे. जूनमध्ये पट चांगला भरतो. दसरा-दिवाळी झाली की तो उतरू लागतो. बालाघाटच्या डोंगरभागातील व कोरडवाहू शिवारातील कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडावयाची तर नवरा-बायको दोघांनी जावे लागते. दोघांचा मिळून 'एक कोयता' असा त्या धंद्यात हिशेब आहे. पोरे मागे ठेवावयाची कोणाजवळ? कोपीत धाकटे भावंड सांभाळावयास थोरली मुलगी लागतेच. सरकारने हंगामी वसतिगृहे काढली आहेत, पूर्वी कारखान्यांवर साखरशाळाही निघाल्या. काही मुले त्यांत राहतात, पुष्कळ राहत नाहीत. पाडव्याच्या सुमारास ती परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. "दुसरीतील एक मुलगी परत आली ती वजाबाकी विसरून, पण उसाच्या मोळीचा हिशेब तोंडी बिनचूक करते," असे सूनबाई लिहितात.

हे वाचताना नाईकांची आठवण तीव्रतेने झाली. कारण त्यांच्या विचारातील आम्हांस सर्वांत खोल वाटलेला भाग तो हाच. ते म्हणत की आपल्या शाळेस दार एकच आहे. सहाव्या वर्षी, जून महिन्यात, पहिलीत शिरावयाचे आणि दिवसभर बसून क्रमाने वर चढावयाचे. ज्याचे हे दार चुकले, किंवा जो मध्येच बाहेर पडला, त्यास परत आत येण्यास वाटच नाही. गळती ही पोरांच्या आळसाने वा आईबापांच्या अडाणीपणाने होते असे मानणे आपणांस सोयीचे असते. वास्तविक ती त्या एका दारामुळे होते. सबब शाळेस अनेक दारे करा. मोठ्या वयाच्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात घेऊन तयार करा. ज्यास दिवसा काम आहे त्यास सायंकाळी दोन तास शिकवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप प्रवेशाचे व त्यासाठी विशेष शिक्षणाचे कलम आले, त्यात या विचाराचा प्रतिध्वनी आम्हांस ऐकू येतो.

आणि हा विचार नुसता कागदावर राहू नये म्हणून ज्यांनी तो करून दाखविला त्या त्यांच्या पत्नी डॉ. चित्राताई नाईक. १९१८ साली जन्मलेल्या या विदुषी महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक होत्या, पुढे नियोजन मंडळाच्या सदस्यही झाल्या. १९७९ पासून त्यांनी भारतीय शिक्षण संस्थेच्या वतीने पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून रात्रीचे वर्ग चालविले. गुरुजी गावातलाच, वेळ पोरांच्या सोयीची, परीक्षेऐवजी अनेक गावांच्या मुलांची बालजत्रा. त्या वर्गांत मुलांहून मुली अधिक आल्या. दिवसभर पाणी भरणाऱ्या, गोठा साफ करणाऱ्या, धाकट्यास कडेवर घेणाऱ्या या मुलींस शिकण्याची आवड नाही असे गावोगाव समजले जात होते. त्या केवळ सूर्यास्ताची वाट पाहत होत्या. चित्राताई २०१० साली निवर्तल्या. जे. पी. तर ३० ऑगस्ट १९८१ रोजीच गेले होते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ साली निघाली तेव्हा धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष व नाईक पहिले सदस्य-सचिव होते. १९७४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. आयोगाच्या सूचनांचे पुढे काय झाले याचा ताळेबंद त्यांनी अखेरच्या दिवसांत लिहिला, तो त्यांच्या मागे १९८२ साली प्रसिद्ध झाला. आपणच मांडलेल्या सूचनांचे अपयश इतक्या निर्विकारपणे मोजणारा मनुष्य आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

समान शाळेचे पुढे काय झाले? २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेविल्या. म्हणजे आम्ही त्यांच्या पंगतीत जाण्याऐवजी त्यांच्यातील काहींस आमच्या दिवाणखान्यात बोलाविले. हीदेखील काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असल्यास खाजगी शाळेस या बंधनातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. ज्यांनी तेव्हा वृत्तपत्रे वाचली असतील त्यांस सूट मिळाल्याचा आनंद कोणत्या घरांतून झाला होता हे आठवत असेल.

आता पत्राचे उत्तर. आम्ही त्या गृहस्थांस असे लिहिले नाही की नातवास खुशाल जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. सिद्धान्तासाठी दुसऱ्याच्या पोरास पणास लावणे हे घरबसल्या सोपे असते, आणि आमची मुले मोठी होऊन गेल्यावर तर फारच सोपे. दोन शिक्षकांची शाळा चार वर्गांस पुरी पडत नाही ही गोष्ट खरी आहे व ती सूनबाईंस आपल्यापेक्षा अधिक कळते. आम्ही एवढेच विचारले की घरातील अकरा माणसांपैकी सूनबाईंची शाळा आजवर किती जणांनी पाहिली? थोरल्या सुनेने, दिरांनी, स्वतः सासऱ्यांनी? गृहस्थ चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ज्या इंग्रजी शाळेत नातू जावयाचा तेथे ते दोनदा जाऊन आले, तिचे माहितीपत्रक त्यांनी चष्मा लावून वाचले. सुनेच्या शाळेत मात्र सात वर्षांत एकदाही नाही. आम्ही विनंती केली की जूनपूर्वी एक संपूर्ण दिवस तेथे आणि एक संपूर्ण दिवस येथे, असे मागच्या रांगेत बसून काढावे; मध्यान्ही खिचडी वाढली जाते तेव्हा त्या पंगतीस बसावे; आणि मग काय ते ठरवावे. इंग्रजीच्या भीतीने पाऊल अडत असेल तर मराठी शाळांतूनही २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते, हेही लक्षात आणून दिले. पुष्कळ सुशिक्षित घरांस ही गोष्ट अद्याप ठाऊक नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

दहा दिवसांनी उत्तर आले. या खेपेस दोनच पाने. गृहस्थ एक दिवस जाऊन आले होते. छप्पर, पाणी, फळा यांचे वर्णन त्यांनी तपशिलाने केले आहे, त्यात गळक्या कोपऱ्याचाही उल्लेख आहे. मोळीचा हिशेब करणाऱ्या मुलीस त्यांनी वजाबाकी समजावून दिली. "दोन वेळा सांगावे लागले. तिसऱ्या वेळी तिने मलाच उदाहरण घातले," असे त्यांनी लिहिले आहे. आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी, ते आता सूनबाईंबरोबर जाणार आहेत. नातवाचा निर्णय झालेला नाही. त्याच्या आजीचे मत एक, वडिलांचे दुसरे; शहरातच घराजवळ जिल्हा परिषदेची एक शाळा आहे, ती पाहावी अशी तिसरी सूचना थोरल्या सूनबाईंकडून आली आहे. इंग्रजी शाळेचे पैसे भरण्याची मुदत मात्र जवळ येत चालली आहे.

पत्राखाली निराळ्या अक्षरात दोन ओळी होत्या. "त्रिकोणाचे पुस्तक कोठे मिळेल? इंग्रजी असले तरी चालेल, मी वाचीन." आमच्या संग्रहातील प्रत जुनी आहे, पाने पिवळी पडली आहेत व समासात आमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ती कागदात गुंडाळून त्याच दिवशी टपालाने धाराशिवास रवाना केली.